खान्देशच्या उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी कशी टिकवायची : नवीन लॅपटॉप घेणाऱ्यांसाठी

माझ्या पहिल्या लॅपटॉपचा टचपॅड एके दिवशी क्लिकच होईना. आधी वाटलं धूळ गेली असेल, फुंकर मारून पाहिली, मग लक्षात आलं की टचपॅडच्या कडेला फट पडलीय आणि लॅपटॉप टेबलावर सपाट बसतच नाहीये, डुगडुगतोय. आजी बाजूला बसलेली, तिने हात लावून पाहिला आणि म्हणाली, "काय व्हयनं व बाई हाई, फुगनं का?" तिचं बरोबर होतं. आतली बॅटरी फुगली होती आणि लॅपटॉप घेऊन दीड वर्षसुद्धा झालेलं नव्हतं.

मी अमळनेर तालुक्यात राहते, घरूनच काम करते, माझी खोली वर पत्र्याखाली आहे. लाईट कधी जाईल भरवसा नाही म्हणून चार्जर चोवीस तास लावलेला, बॅटरी कायम शंभर टक्के, आणि वैशाखात दुपारी त्या खोलीत काय होतं ते इकडच्या माणसाला सांगायची गरज नाही. दुकानदाराने घेताना सांगितलं होतं की पहिले बारा तास चार्ज करा आणि रोज पूर्ण शून्यावर आणूनच परत लावा. मी सुरुवातीला तेही इमानदारीने केलं. दोन्ही सल्ले चुकीचे होते, पण खरा घात केला तो उन्हाने. हे मला नंतर कळलं आणि म्हणूनच हे लिहितेय, कारण बॅटरीबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक थंड गावांतल्या लोकांनी लिहिलेलं असतं, त्यात चार्जिंगच्या सवयींवर पानंच्या पानं असतात आणि गरमीवर एक ओळ. आपल्याकडे ते उलटं हवं. नवीन बॅटरी टाकून आता दोन वर्षं होऊन गेली, खाली लिहिलंय तसं वापरते आणि ती अजून चांगली चालतेय.

जवळ काय काय ठेवायचं ते आधी सांगते, म्हणजे मध्येच उठावं लागणार नाही:

- लॅपटॉपचं बिल आणि वॉरंटीचा कागद (मोबाईलमध्ये फोटोही काढून ठेवा, बिलावरची शाई दोन उन्हाळ्यांत उडते)
- लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर, वहीत लिहून
- सोबत आलेला मूळ चार्जर
- अर्थिंग असलेला तीन पिनचा बोर्ड
- मऊ ब्रश, रंगकामाचा कोरा छोटा ब्रशही चालतो
- एक वही

वही कशाला ते पहिल्याच पायरीत येतंय.

१. बॅटरीची तब्येत आधी मोजून घ्या

लॅपटॉप नवा असो की जुना, पहिलं काम हेच. विंडोजमध्ये सर्चच्या जागी सी-एम-डी टाईप करा, कमांड प्रॉम्प्ट उघडेल, त्या काळ्या खिडकीत पॉवर-सी-एफ-जी असा एकच शब्द जोडून लिहायचा (पॉवरचं पूर्ण स्पेलिंग, त्याला चिकटून सी, एफ, जी), मग एक स्पेस, मग स्लॅश, मग बॅटरी आणि रिपोर्ट हे दोन शब्द जोडून, आणि एंटर. स्लॅश तो उजवीकडे झुकलेला, प्रश्नचिन्हाच्या बटणावरचा. खाली एक रस्ता दिसेल, म्हणजे फाईल कुठे सेव्ह झाली ते, तिथे जाऊन ती फाईल ब्राऊझरमध्ये उघडायची.

त्यात दोन आकडे महत्त्वाचे. डिझाईन कपॅसिटी म्हणजे कारखान्यातून निघताना बॅटरीत किती मावायचं आणि फुल चार्ज कपॅसिटी म्हणजे आज किती मावतंय. दुसऱ्याला पहिल्याने भागा आणि शंभरने गुणा, झाली टक्केवारी. सायकल काउंट पण असतो, काही लॅपटॉपमध्ये तो रिकामा दिसतो, घाबरू नका. एक सायकल म्हणजे एकदा चार्जर लावणं नाही हो, एकूण शंभर टक्के वापर झाला की एक. आज चाळीस वापरले, उद्या साठ, मिळून एक सायकल. साधारण लॅपटॉपच्या बॅटऱ्या ३०० ते ५०० सायकलमध्ये ऐंशी टक्क्यांपर्यंत उतरतात, ॲपल आपल्या आताच्या मॅकबुकसाठी १००० सायकल सांगतं. मॅकमध्ये ऑप्शन बटण दाबून ॲपलच्या मेन्यूत गेलं की सिस्टीम इन्फॉर्मेशन येतं, त्यात पॉवरमध्ये सगळं दिसतं.

हे आकडे तारखेसकट वहीत लिहा. सेकंडहँड लॅपटॉप घेत असाल तर पैसे द्यायच्या आधी दुकानातच हा रिपोर्ट काढायला लावा. "बॅटरी बॅकअप चांगला आहे" हे बोलणं झालं, आकडा आकडा असतो. आणि वॉरंटीच्या कागदावर बॅटरीची ओळ वेगळी शोधा, लॅपटॉपला दोन-तीन वर्षं असली तरी बॅटरीला बऱ्याचदा एकच वर्ष असतं.

२. पहिलं चार्जिंग, बारा तासांचं खूळ

याला जास्त वेळ घालवायचा नाही. नवा लॅपटॉप अर्धवट चार्ज होऊन येतो, चार्जर लावा, सुरू करा, अपडेट होऊ द्या. चार्जर आधी लावायचा एवढ्यासाठीच की काही लॅपटॉप चार्जर लावल्याशिवाय पहिल्यांदा उठतच नाहीत.

शून्यावर आणायचा सल्ला आला कुठून तर जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांमधून. त्यांना अर्ध्यात चार्ज केलं की कमी भरायची सवय लागायची. १९९१ ला सोनीने लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली, आणि ज्यांनी ती घडवली त्या गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना २०१९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या लॅपटॉपमध्ये हीच बॅटरी आहे आणि हिला ती जुनी खोड नाही, उलट रोज शून्यावर आणलं तर ही लवकर थकते. वीस-तीस टक्क्यांवर आली की लावून टाका.

३. ऐंशी टक्क्यांवर थांबवा

बॅटरीत जे सेल असतात त्यातला प्रत्येक साधारण ३.७ व्होल्टचा, पूर्ण भरला की ४.२ किंवा थोडं वर. ४.२ वर तो ताणात असतो. आतली रसायनं जास्त वेगाने एकमेकांना खातात, त्यात गरमी मिळाली की आणखी वेगाने. ऐंशी टक्क्यांवर थांबवलं की हा ताण बराच उतरतो. म्हणून जे लोक लॅपटॉप टेबलावर ठेवून दिवसभर चार्जर लावून काम करतात त्यांनी ही सेटिंग आजच करायची.

लेनोवोमध्ये व्हँटेज ॲपमध्ये कन्झर्व्हेशन मोड आहे. आसुसमध्ये माय-आसुस ॲप, त्यात बॅटरी हेल्थ चार्जिंग किंवा बॅटरी केअर असं नाव. एसरमध्ये केअर सेंटर नाहीतर एसर-सेन्स, त्यात चार्ज लिमिट. डेलमध्ये बंद करून सुरू करताना एफ-२ दाबत राहायचं, बायोस (विंडोजच्या आधीची मूळ सेटिंगची स्क्रीन) उघडतं, त्यात बॅटरी चार्ज कॉन्फिगरेशन, तिथे प्रायमरिली एसी यूज नाहीतर कस्टम. एचपीमध्ये एफ-१० ने बायोसमध्ये जाऊन बॅटरी हेल्थ मॅनेजर, पण एचपीच्या घरगुती मॉडेलांत ते सगळीकडे सापडत नाही. मॅकमध्ये बॅटरीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिमाइज्ड चार्जिंग. नावं मॉडेलप्रमाणे इकडेतिकडे होतात, बॅटरी हा शब्द धरून शोधा.

अशी सेटिंगच नसेल तर हाताने करायचं, ऐंशीला बोर्डाचं बटण बंद, तीसला चालू. मी सहा महिने मोबाईलवर अलार्म लावून हेच केलं, होतं सवयीने.

आता तुम्ही म्हणाल, लाईट गेली तर? हा खरा प्रश्न आहे आणि याचं उत्तर हिशोबात आहे. बॅटरीवर वॅट-अवर, म्हणजे तिच्यात किती वीज मावते ते, लिहिलेले असतात, समजा ४२. त्याचे ऐंशी टक्के म्हणजे साडेतेहतीस. ब्राइटनेस अर्ध्यावर ठेवून टायपिंग, एक्सेल, फॉर्म भरणं असलं काम केलं तर लॅपटॉप ताशी आठ-दहा वॅट-अवर खातो. म्हणजे सव्वातीन ते चार तास. एवढ्या वेळात लाईट बहुतेकदा येते. आणि आमच्याकडे जसा आठवड्यातला एक वार देखभालीचा ठरलेला असतो, सकाळी गेली की दुपारीच येते, तसा तुमच्याकडे असेल तर त्या दिवशी पहाटे लिमिट काढून शंभर करून घ्या, लगेच वापरली जाणार असेल तर शंभर करण्यात काही वावगं नाही. शंभर करून दिवसेंदिवस तसंच ठेवणं वाईट.

एक गैरसमज इथेच मिटवते. रात्रभर लावून ठेवला तर जास्त भरून फुटेल असं नसतं, आतलं सर्किट शंभरला चार्जिंग तोडतं. नुकसान होतं ते शंभरवर आणि गरमीत तासन् तास बसून राहिल्याने, हळूहळू, दिसत नाही असं.

४. गरमी, इथे नीट लक्ष द्या

लिथियम-आयन सेल चार्ज करायची मर्यादा साधारण ० ते ४५ अंश असते. जळगाव-भुसावळचा मे महिना आठवा. सावलीतलाच पारा ४४-४५ दाखवतो, पत्र्याखालची खोली त्याच्याही वर जाते आणि चालू लॅपटॉप स्वतःची आणखी गरमी त्यात घालतो. म्हणजे आपण दुपारी दोनला तिथे चार्ज करतो तेव्हा बॅटरीच्या मर्यादेबाहेर काम करतोय.

नुसतं ठेवून देण्याचाही फरक बघा. सेल २५ अंशाला चाळीस टक्के भरून वर्षभर ठेवला तर त्याची साधारण ९६ टक्के ताकद उरते. तोच ४० अंशाला शंभर टक्के भरून ठेवला तर ६५ च्या आसपास. वापरलाच नाही तरी एका वर्षात तिसरा हिस्सा गेला! माझ्या पहिल्या बॅटरीचं हेच झालं, आणि मी बिचारी सायकल मोजत बसले होते.

मग करायचं काय? चैत्र लागला की चार्जिंगची वेळ बदला. पहाटे पाच ते आठ आणि रात्री दहानंतर चार्ज, दुपारी बारा ते पाच शक्यतो बॅटरीवर नाहीतर बंद. दुपारी काम करावंच लागत असेल तर खालच्या मजल्यावर, माजघरात बसा. ज्यांच्याकडे जुनं धाब्याचं घर आहे ते नशीबवान आहेत, मातीच्या त्या जाड छताखाली दुपारीसुद्धा हात लावून फरक कळतो. मी आता एप्रिल-मेमध्ये काकांच्या धाब्याच्या घरातच बसते, वरची खोली आखाजीपासून (अक्षय्य तृतीयेपासून) पाऊस पडेपर्यंत बंद.

कूलरसमोर ठेवू का, हे मला बरेच जण विचारतात. कूलरची हवा चालते पण तोंडासमोर नको. त्यातून बारीक तुषार येतात आणि आपल्याकडच्या बोअरचं पाणी खारं, कूलरच्या जाळीवर जसा पांढरा थर चढतो ना तसलं पाणी लॅपटॉपच्या आत जायला नको. बाजूला, सहा-सात फुटांवर ठेवा, आणि खिडकी उघडी असू द्या म्हणजे दमटपणा साचत नाही.

गोधडीवर, गादीवर, उशीवर ठेवून वापरू नका. खालची जाळी झाकली जाते, पंखा ओरडत राहतो आणि गरमी बॅटरीकडे परत येते. लाकडी पाट चांगला, जेवायला बसायचा पाट असतो तो. मागच्या बाजूला दोन बाटलीची झाकणं लावून जरा उचलून घेतला की खालून हवा खेळते.

कापूस. हे कुठेच लिहिलेलं सापडणार नाही. दिवाळीनंतर भाव वाढायची वाट बघत कापूस घरात भरून ठेवलेला असतो, त्याच खोलीत आपण लॅपटॉप घेऊन बसतो, आणि त्याचे बारीक तंतू पंख्यात ओढले जातात. धूळ फुंकरीने उडते, तंतू जाळीला फेल्टसारखे चिकटून बसतात, हवा बंद. माझ्या लॅपटॉपमधून तंत्रज्ञाने चिमट्याने काढले तेव्हा अक्षरशः वातीएवढा गोळा निघाला. कापूस घरात असेल तोवर लॅपटॉप दुसऱ्या खोलीत, आणि दर पंधरा दिवसांनी लॅपटॉप बंद करून जाळीवरून ब्रश फिरवा. वर्षातून एकदा, होळीच्या आसपास, माहितगाराकडून खालचं झाकण उघडून पंखा साफ करून घ्या, उन्हाळा लागायच्या आधी.

प्रवासात. मोटारसायकलच्या डिकीत नाही, उन्हात उभ्या गाडीत नाही, एसटीत खिडकीच्या उन्हाच्या बाजूला मांडीवर नाही. आणि लॅपटॉप बॅगेत घालताना शटडाउन करूनच घाला. झाकण लावलं की तो झोपतो, बंद होत नाही, कधी बॅगेतच जागा होऊन अपडेट करत बसतो आणि जळगावला उतरेपर्यंत बॅग तापलेली आणि बॅटरी निम्मी. बाहेरून आल्यावर लगेच चार्जर लावायचा नाही, अर्धा तास पंख्याखाली राहू द्या. फ्रीजमध्ये ठेवून थंड करायचा प्रकार मात्र कधीच करू नका, बाहेर काढल्यावर आत पाणी धरतं.

या पायरीतला सगळ्यात मोठा फसवा भाग आता. उन्हाळ्यात कधी चार्जर लावला तरी टक्के वाढत नाहीत, स्क्रीनवर "प्लग्ड इन, नॉट चार्जिंग" येतं. लोक लगेच चार्जर बदलतात, काही जण मदरबोर्ड गेला म्हणून दुकानात धावतात. बऱ्याचदा बॅटरी तापल्यामुळे सर्किटने स्वतःच चार्जिंग थांबवलेलं असतं, नाहीतर तुम्हीच लावलेलं ऐंशीचं लिमिट असतं. बंद करा, तास-दीड तास थंड जागी ठेवा, मग बघा. तरीही नाही झालं तरच दुकान.

५. लाईट, व्होल्टेज आणि अर्थिंग

अडॅप्टरवर बारीक अक्षरात इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. म्हणजे व्होल्टेज कमी झालं, बल्ब पिवळा पडला, तरी लॅपटॉपला फारसं काही होत नाही. रेल्वेच्या डब्यातल्या प्लगवर ११० व्होल्ट लिहिलेलं असतं, तिथेही याच कारणाने चालतं. भीती वाढलेल्या व्होल्टेजची आहे. डीपीवर किंवा खांबावर न्यूट्रल (वीज परत जायची तार) तुटला की घरातले २३० चढत चढत ४०० च्या दिशेने जाऊ शकतात, गल्लीतले टीव्ही, पंखे एकदम जळतात ते यामुळेच. म्हणून लाईट लपलप करायला लागली की प्लग काढा. लाईट गेली की प्लग काढा. आली की पाच मिनिटं थांबून लावा, आल्या आल्या पहिला झटका वाईट असतो. मळ्यातल्या मोटारीच्या लाईनवरून घराला जोडणी असेल तर हे आणखी कडक पाळा, मोटारी चालू-बंद होताना तिथे व्होल्टेज फार हलतं. मृगाच्या सुमारास विजा कडाडतात तेव्हा नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून बाहेर.

धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला मुंग्या येतात, बारीक झिणझिण लागते, हा अनुभव आला असेल तर अर्थिंग नाहीये. अडॅप्टरमधली थोडी गळती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी, रस्ता नाही म्हणून ती तुमच्या हातातून जाते. दोन पिनच्या बोर्डात बसावा म्हणून प्लगची मोठी पिन कापून टाकतात, असं अजिबात करू नका, ती मोठी पिनच अर्थिंगची. वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, आणि घराचा मीठ-कोळशाचा खड्डा असेल तर उन्हाळ्यात त्यात बादलीभर पाणी टाकत जा, जमीन कोरडी पडली की अर्थिंग नावालाच उरतं. आमच्याकडे हे काम आबांकडे आहे, झाडांना पाणी घातलं की एक बादली तिथे.

इन्व्हर्टर साईन वेव्ह आहे की स्क्वेअर वेव्ह ते बघा. स्क्वेअर वेव्हवर अडॅप्टर गुणगुणतो आणि जास्त तापतो. अडीनडीला चालेल, रोज नको, त्यापेक्षा आधीच चार्ज केलेल्या बॅटरीवर काम करा.

६. चार्जर घेताना फसू नका

मूळ चार्जर तुटला तर कंपनीचाच घ्या, महाग वाटला तरी. ते जमत नसेल तर जुन्या अडॅप्टरवरचा आउटपुट बघा, उदाहरणार्थ १९ व्होल्ट, ३.४२ अँपिअर. नव्याचे व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. अँपिअर जास्त असले तर धोका नाही, लॅपटॉप हवे तेवढेच ओढतो. कमी असले तर चार्जर तापतो आणि चार्जिंग रडतखडत होतं. पिन बसली म्हणजे चार्जर जमला असं नाही, हाच सापळा आहे, एकाच मापाच्या पिनमध्ये वेगवेगळे व्होल्ट असतात.

टाइप-सी वाला लॅपटॉप असेल तर चार्जरवर पॉवर डिलिव्हरी किंवा पीडी लिहिलेलं हवं आणि वॅट लॅपटॉपला लागतात तेवढे, बहुतेक ४५ नाहीतर ६५. केबलही बघून घ्या, साधी टाइप-सी केबल ६० वॅटपर्यंतच नेते, त्यापुढची वेगळी मिळते. मोबाईलच्या चार्जरवर लावून "हळू होतंय" म्हणणारे खूप भेटतात.

आपल्या देशात लॅपटॉपच्या अडॅप्टरला बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) नोंदणी लागते, त्यावर आर अक्षराने सुरू होणारा नंबर असतो. बीआयएस केअर नावाचं सरकारी ॲप आहे, त्यात तो नंबर टाकला की कोणत्या कंपनीच्या कोणत्या वस्तूला दिलाय ते दिसतं. दुकानात काउंटरवर उभं राहून एका मिनिटात होतं. नंबरच नसेल किंवा भलत्याच वस्तूचा निघाला तर तो चार्जर तिथेच ठेवा. हातात हलका फुलका लागणारा चार्जरही मी घेत नाही.

वायर अडॅप्टरभोवती करकचून गुंडाळू नका, पिनजवळ तुटते. सैल वेटोळं करा, आपण दावं गुंडाळतो तसं.

७. बॅटरी फुगली तर

खुणा सांगते : टचपॅड दबत नाही किंवा आपोआप क्लिक होतो, कीबोर्ड मधून वर आलाय, झाकण नीट मिटत नाही, खालचे स्क्रू ताणलेत, लॅपटॉप डुगडुगतो. गोडसर, नेलपॉलिशसारखा वास आला तर आणखी गंभीर.

चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, पुन्हा चार्ज करू नका. "काम संपवून घेते मग बघू" हे मी केलं होतं, दोन दिवस, आणि आज विचार केला तरी अंगावर काटा येतो. दाबून सपाट करायचा नाही, सुई टोचून हवा काढायची नाही, काही लोक खरंच सुचवतात हे. आतला वायू पेटू शकतो. गादीपासून, कापसापासून, चाऱ्यापासून लांब, फरशीवर, सावलीत ठेवा आणि सर्व्हिस सेंटरला नेताना बॅगेत दुसरं काही जड ठेवू नका. स्वतः उघडण्याच्या भानगडीत पडू नका, फुगलेली बॅटरी चिकटलेली असते, पटाशीने उचकटताना फाटते.

धूर निघायला लागला तर सामान वाचवत बसू नका. जमलं तर मेन स्विच बंद, सगळे बाहेर, धूर विषारी असतो. मेन बंद असेल आणि लांबून शक्य असेल तर भरपूर पाणी, त्याने बाकीचे सेल थंड राहतात. आणि ११२ ला फोन.

८. नवी बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीवरचा पार्ट नंबर घ्या, लॅपटॉपचा मॉडेल नंबर पुरत नाही, एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन प्रकारच्या बॅटऱ्या येतात. व्होल्ट जुळायला हवेत, ७.६ च्या जागी ११.४ ची चालत नाही. उत्पादनाची तारीख बघा. दोन वर्षं दुकानाच्या माळ्यावर, त्याच आपल्या उन्हाळ्यात पडलेली बॅटरी नवी असूनही म्हातारी असते. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये नाहीतर धुळ्याला चौकशी करताना मी तीन गोष्टी आधीच बोलून घेते : पक्कं बिल, सहा महिने तरी लेखी वॉरंटी, आणि बसवल्यावर तुमच्यासमोर बॅटरी रिपोर्ट काढणार. तिसऱ्याला जो दुकानदार कुरकुर करतो त्याच्याकडून घेत नाही. पहिल्यांदा मी बिनबिलाची घेतली होती, रिपोर्टमध्ये लिहिल्यापेक्षा बरीच कमी भरली आणि परत करायला कागदच नव्हता.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, भंगारवाल्यालाही नको, कचऱ्यात दाबली गेली की आग लागते. २०२२ च्या बॅटरी कचऱ्याच्या नियमांत जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकलेली आहे, त्यामुळे सर्व्हिस सेंटरला हक्काने द्या. नेईपर्यंत तिच्या जोडणीच्या तोंडाला चिकटपट्टी लावून वेगळी ठेवा.

९. महिनाभर वापरणार नसाल तर

कापूस वेचणीचे दिवस, लग्नसराई, कानबाईच्या सणाला गावी जाणं, परीक्षा संपून सुट्टी, लॅपटॉप पडून राहतो. पन्नास टक्क्यांवर आणून शटडाउन करा, चार्जर काढा, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवा, वरचा कप्पा पत्र्याजवळ तापतो. शून्यावर ठेवून विसरलात तर काही महिन्यांत सेल इतका खाली जातो की परत चार्जच घेत नाही. दोन-तीन महिन्यांनी एकदा काढून पन्नास करून ठेवा.

१०. वही परत उघडा

महिन्यातून एकदा रिपोर्ट काढून फुल चार्ज कपॅसिटी लिहायची. आकडा कधी थोडा खाली, कधी वर जातो, कारण ते मोजमाप नसून सर्किटचा अंदाज असतो. एका महिन्यावरून ठरवू नका, चार महिन्यांची रांग बघा. तीस टक्क्यांवरून लॅपटॉप धाडकन बंद होत असेल तर अंदाज चुकलाय, तेव्हा एकदाच शंभर भरा, दहापर्यंत उतरवा, परत भरा, बहुतेकदा जागेवर येतो. हे दोन-तीन महिन्यांतून एकदा पुरे, आणि थंड वेळी करा.

साठ टक्क्यांखाली गेली की नव्या बॅटरीचे पैसे बाजूला काढायला लागा. माझ्या वहीत दुसऱ्या बॅटरीची पहिली नोंद ४१,००० मिलीवॅट-अवरची आहे आणि परवाची ३६,९००, म्हणजे नव्वद टक्के. मध्ये दोन उन्हाळे गेले.